ड्रॉवरच्या हँडलवरच्या गाठी

प्रिय दादा,

सोमवारी सकाळी माझं ऑपरेशन आहे. पित्ताशयात खडे झालेत. काळजी करू नकोस, असं सवयीनं लिहिणार होते. पण तुला काय कौतुक त्याचं! तू तर असले खडे बाटलीत घालून पेशंटच्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, "घ्या, तुमचा माल तुम्हाला परत."

बॅग भरून झालीय. रिपोर्टची पिशवी वेगळी ठेवलीय. तू गेल्याला सात महिने झाले, पण तुला एक ओळ लिहिली नव्हती. म्हणजे तुझ्यावर लिहिलं होतं. तू गेलास त्याच दिवशी पेपरमधून फोन आला, "मॅडम, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" आणि मी चाळीस मिनिटांत आठशे शब्द दिले. तीस वर्षं डेस्कवर काढलेल्या बाईला त्यात अवघड काय? पण तो लेख खासदारावर होता. दादाला लिहायचं राहूनच गेलं.

आता लिहायला बसलेय, कारण गेल्या मंगळवारी एस्तर सिस्टरनं मला एक गोष्ट सांगितली. तुझ्यावरचा राग मी सोळा महिने जपून ठेवला होता, तो त्या गोष्टीनंतर कुठं ठेवावा ते कळेना झालंय. आणि सोमवारी टेबलावर झोपण्याआधी ते मिटवायला हवं.

सुरुवातीपासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगते. तेवढं ऐकून घे.

निमोण्याच्या घरातलं ते लोखंडी कपाट आठवतं? तू सर्जरी शिकत होतास. सुट्टीला आलास की आईच्या शिलाईचा दोरा घेऊन कपाटाच्या हँडलला गाठी मारत बसायचास. एका हातानं! बोटं अशी फिरायची की मला वाटायचं, जादूच शिकून आलाय. आईला मात्र त्या कपाटातून गूळ काढायचा असायचा.

"आरं सोप्या, कपाटाला फाशी देतोस का काय?"

"आई, पोटात रक्त सुटलं की गाठ मारायला एवढासाच वेळ असतो."

"मंग माणसाच्या पोटात मार. माझा गूळ सोड."

आणि आई सुरी घेऊन तुझ्या सगळ्या गाठी कापायची. तू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचास.

पुढे तू शिरूरला हॉस्पिटल काढलंस. मी लग्न होऊन नदीच्या अलीकडं, खुटबावला आले. केडगावहून आलेली एस्तर सिस्टर तुझ्या थिएटरची मालकीण झाली. हो, मालकीणच! तुझ्या हाताला टॉवेलचा जरासा धक्का लागला तर पुन्हा हात धुवायला पाठवणारी तुझ्या आयुष्यात ती एकटीच. तुझ्या हाताखाली शिकायला प्रज्ञा आली ती त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली पोर, वडील गँगमन. तू तिला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणायचास. पेशंट मात्र तिला आधी आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की म्हणायचे, "डागदर सायेब कवा येणार? आमी थांबतो की."

मग तुला लोकसभेचं तिकीट मिळालं. तुझा प्रचार मी नोकरीच्या चष्म्यातून पाहिला, कारण माझं मतच तुझ्या मतदारसंघात नव्हतं. तू म्हणालास, "सुमे, तुला नदीपलीकडं देताना आबांनी एवढाही विचार केला नाही बघ. एक मत गेलं." प्रचारात तू इतका हसायचास, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

न्हावऱ्याची सभा आठवते? तू रेल्वेमार्गावर बोलत होतास. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि त्यानं सदरा छातीपर्यंत वर केला. बेंबीच्या वर उभा, लांबलचक व्रण. स्टेजवरच्या पुढाऱ्यांना वाटलं, निषेध! कुणीतरी पोलिसाला खूण केली. म्हातारा गर्रकन लोकांकडे वळला आणि ओरडला, "ह्ये बघा! ह्या मानसानं शिवल्यालं हाय. बारा वर्सं झाली, टाका उसवला न्हाई! आन् तुमी ह्याला इचारता, काम करनार का?"

त्यानंतर प्रत्येक सभेत कुणी ना कुणी सदरा वर करायचं. बायका स्टेजमागं येऊन वहिनीला व्रण दाखवायच्या. मी आयुष्यात इतक्या निवडणुका कव्हर केल्या, पण उमेदवाराचा पुरावा लोक स्वतःच्या पोटावर घेऊन फिरतात, असं दुसऱ्यांदा पाहिलं नाही. आणि तू काय करायचास? भाषण थांबवून विचारायचास, "आजोबा, अजून खोकता का? तंबाखू सुटली?"

निकालाच्या दिवशी मी हॉस्पिटलमध्येच होते. बाहेर डीजे, गुलाल, जेसीबीतून फुलं. तू नखशिखांत गुलाबी. आणि तेवढ्यात मागच्या दारानं कंपनीतल्या एका कामगाराला आणलं, अपेंडिक्स फुटायला आलेलं. तू थेट बेसिनकडे गेलास. हात घासलेस, पुन्हा घासलेस. पण गुलाल नखांत बसला होता, तो निघेना. एस्तर सिस्टरनं तुझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "असल्या हातानं माझ्या थिएटरमध्ये पाय ठेवायचा नाही."

"सिस्टर, ग्लोव्ह्ज घालणारच आहे."

"नाही म्हणजे नाही. मॅडम करतील."

त्या कामगाराचा भाऊ दाराशी उभा होता. बिहारचा असावा. त्यानं घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "साहब जीत गए, तो अब ऑपरेशन कौन करेगा?"

दोन महिन्यांच्या प्रचारात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, दादा. मीही नाही. माझं तर कामच प्रश्न विचारायचं! तू प्रज्ञाकडे पाहिलंस. ती आत गेली, तू बाहेर बाकावर बसलास. आयुष्यात पहिल्यांदा नातेवाइकांच्या बाकावर. मिरवणूक तासभर खोळंबली. अपेंडिक्स निघाल्याचं कळल्यावरच तू जीपवर चढलास.

पहिलं वर्ष तू रविवारी येऊन ऑपरेशनं करायचास. मग महिन्यातून एक रविवार. मग तोही नाही. लोक बोलू लागले. दिल्लीची हवा लागली म्हणाले. तुझ्या जनसंपर्क कार्यालयात मी एकदा आले होते, तर समोर निवेदनं घेऊन माणसं बसलेली, तू त्यांचं ऐकत होतास आणि उजवा हात टेबलाखाली. वाकून पाहिलं, तर ड्रॉवरच्या हँडलला ऑपरेशनचा काळा दोरा बांधून गाठी मारत होतास. अधूनमधून समोरच्या घड्याळाकडे बघत होतास.

माणसं गेल्यावर मी म्हणाले, "अजून आहे का खोड?"

"बघतोय," म्हणालास.

"काय बघतोयस?"

तू दोरा खिशात टाकलास आणि चहा मागवलास. मी तरी पुढं कुठं विचारलं?

आणि मग ती भाऊबीज. सोळा महिन्यांपूर्वीची.

यांना हर्निया होता, हे तुला मीच सांगितलं होतं. वर्षभर पट्टा लावून शेतात फिरत होते. डॉक्टरला दाखवा म्हटलं की म्हणायचे, "असल्या जागेचं दुखणं मेव्हण्यालाच दाखवीन. दुसऱ्या कुणाला न्हाई." त्या दिवशी तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू खिशात हात घातलास. मी म्हणाले, "पाकीट नको. साडी नको. यांचं ऑपरेशन तू कर. एवढीच ओवाळणी घाल."

ताटातलं निरांजन विझायला आलं होतं.

"सुमे, दुसरं काही माग."

"दुसरं काही नको."

"प्रज्ञा मॅडम करतील. उत्तम करतील."

हे दारातून गरजले, "म्हंजी त्या पोरीपुढं मी लेंगा सोडायचा व्हय?"

तू हसलास. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "खासदार झालास म्हणून बहिणीच्या नवऱ्याला हात लावायचा नाही का?"

तू म्हणालास, "हो. खासदार झालो म्हणूनच."

दादा, एवढंच बोललास! पुढचं वाक्य का नाही बोललास? सभांमध्ये तास-तास बोलणारा माणूस माझ्यासमोर चार शब्दांवर का थांबला? मी ते माज म्हणून ऐकलं. तू जेवलास, पाकीट ताटाखाली ठेवून गेलास. मी ते उघडलंही नाही.

त्याच आठवड्यात मी लेख लिहिला. तुझं नाव नव्हतं, पण तालुक्यात कुणाला कळायचं राहिलं नाही. लोकांनी ज्या हातांसाठी मत दिलं, तेच हात धुऊन कोरडे करून बसलेल्या माणसावर. रविवारच्या पुरवणीची पानं गुरुवारी सकाळी लावायची असतात, मी बुधवारी एका बैठकीत तो संपवला. रागात लिहिलेलं फार पटकन होतं. रविवारी छापून आला. दुपारी तुझा फोन आला. मी मनात भांडणाची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

"लेख वाचला," म्हणालास. "तिसरा परिच्छेद चांगला झालाय. शेवट घाईत केलास."

आणि दाजींना जास्त वजन उचलू देऊ नकोस, असं सांगून फोन ठेवलास.

शेवट घाईतच केला होता. तेवढ्यासाठी तर जास्तच राग आला!

पुढं माघात, उसाच्या ऐन हंगामात, हे शेतात पाइप उचलायला गेले आणि हर्निया अडकला. उलट्या, पोट नगाऱ्यासारखं. केडगावच्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, तासादोनतासांत उघडायला हवं. पुण्याला जा म्हणाले. हे कण्हत म्हणाले, "शिरूरला चला. सोपान येईल. माझ्यासाठी येईल त्यो." चौफुल्यावरून पारगावचा पूल, पुढं न्हावरं. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, दुहेरी ट्रॉल्या, एकामागं एक. मी सारखा तुला फोन लावत होते. बंद. बंद. बंद.

केडगावच्या डॉक्टरांनी कळवलं होतं, हॉस्पिटलच्या दारात प्रज्ञा उभी होती. पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, लगेच घ्यायला लागेल. मी करते. इथं सही करा."

"सर कुठं आहेत?"

"सर ऑपरेट करणार नाहीत, ताई. मी करणार आहे."

तिनं खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं, हे मला मंगळवारी कळलं. त्या दिवशी मी सही केली ती पेन मोडेल इतक्या जोरानं. यांना आत नेताना हे विचारत होते, "आला का सोपान?" आणि मी म्हणाले, "येतोय." मग बाकावर बसले. दोन तास. त्या दोन तासांत मी तुला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुझ्या आईचीच मुलगी आहे मी, शब्द तुला माहीत आहेत.

प्रज्ञा बाहेर आली ती घामानं निथळत. म्हणाली, "आतडं काळं पडलं होतं. कापावं लागेल असं वाटलं. पण गरम पाण्याच्या घड्या ठेवून थांबलो. हळूहळू रंग परत आला. वाचलं, ताई." मी तिचे आभार मानले, पण कसे? पोस्टमननं पाकीट आणून दिल्यावर मानतात तसे.

पंधरा दिवसांनी तू खुटबावला आलास. यांना खाटेवर झोपवून टाके पाहिलेस. बोट फिरवून म्हणालास, "सुरेख शिवलंय. कुणी केलं?"

हे म्हणाले, "तुमच्या त्या मॅडमनी."

"हात चांगला आहे पोरीचा."

मी भाकरी वाढत होते. म्हणाले, "तू त्या दिवशी असतास तर दिसलं असतं, कसा आहे हात."

तू मान खाली घालून दुसरी भाकरी मागितलीस. दादा! एकदा, एकदा तरी जिभेवर आलं असेल ना तुझ्या? आमटीबरोबर गिळलंस?

त्यानंतर आपण बोलायचो ते कामापुरतं. वहिनीची शुगर, निमोण्याच्या शेताची वाटणी. आणि श्रावणात दिल्लीहून फोन आला की सकाळी बूट घालता घालता तू खुर्चीवरच मान टाकलीस.

आता मंगळवार. मी तपासणीसाठी रक्त द्यायला गेले होते. पोरं सांगत होती, पुण्यात मोठं हॉस्पिटल आहे, शिरूरला कशाला? यांनी मात्र परस्पर प्रज्ञाकडे नाव लावलं होतं. हो, तेच, लेंगा न सोडणारे! मी ड्रेसिंगच्या खोलीत एस्तर सिस्टरपाशी बसले आणि तोंडातून निघून गेलं, "सिस्टर, आज दादा असता तर मला कसली भीती नव्हती."

ती कापसाच्या घड्या करत होती. वर न बघता म्हणाली, "दादा असते तरी तुमचं ऑपरेशन त्यांनी केलं नसतं."

"माहितीय. खासदार होता."

तिनं हातातलं खाली ठेवलं. म्हणाली, "ताई, आता ते नाहीत. आता सांगते."

मग तिनं सांगितलं. यांच्या ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी तू दिल्लीहून आला होतास. तुझा मोबाइल बंद होता, म्हणून प्रज्ञानं घरी माणूस पाठवला, तसा मागच्या दारानं आलास, मास्क लावलास, नखं तपासून घ्यायला तिच्यापुढं हात धरलेस. आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलास, असिस्टंट उभा राहतो तिथं. जखम उघडी धरायचं ते वाकडं पोलादी हत्यार, रिट्रॅक्टर, ते हातात घेतलंस. शिकाऊ पोरांना देतात ते काम! दोन तास ते ओढून धरून उभा राहिलास. आतडं काळं दिसलं तेव्हा प्रज्ञानं तुझ्याकडे पाहिलं. तू मिनिटभरानं एवढंच विचारलंस, "मॅडम, अजून थोडं ओढू का?" मग तिचं तिनं ठरवलं. थांबायचं.

मी बाहेर तुला शिव्या देत होते, आणि तू भिंतीपलीकडं माझ्या नवऱ्याचं पोट उघडं धरून उभा होतास.

"पण का, सिस्टर?" मी विचारलं. "स्वतः का नाही केलं? आणि सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "सर ड्रॉवरच्या हँडलला गाठी मारून वेळ बघायचे. दर आठवड्याला मला सांगायचे, सिस्टर, खासदार झाल्यापासून हात मंद झाला. गाठ बसते, पण आधी बसायची तशी नाही. एका रविवारी एका बाईचं ऑपरेशन करून बाहेर आले आणि म्हणाले, ही वाचली, पण माझ्यामुळं नाही, मॅडमनी वेळेवर बोट ठेवलं म्हणून. आता बास. ज्या हातावर माझाच भरवसा नाही, तो बहिणीच्या माणसावर कसा चालवू?"

"आणि सांगितलं का नाही?"

इथं सिस्टर हसली. "म्हणाले, सुमीला कळलं तर ती लिहील. तिनं लिहिलं की लोक म्हणतील, सर आत उभे राहतात. उद्यापासून पुन्हा माझ्या नावानं रांग, आणि मॅडम पुन्हा माझ्या मदतनीस. त्यापेक्षा सुमीचा राग परवडला."

परवडला! मला विचारलंस का, मला परवडतो का?

मी नोकरीतली जुनी सवय सोडली नाही. एका तोंडून आलेली बातमी मी कधी छापली नाही. थिएटरचं रजिस्टर मागितलं. सिस्टरनं तारीख काढून दिली. तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय. पेशंटच्या जागी यांचं नाव. सर्जन, डॉ. प्रज्ञा. आणि त्याखाली, सहायक, डॉ. सोपान. त्यावर मी बोट ठेवलं. सिस्टर पाणी आणायला म्हणून उठली, ती बराच वेळ आलीच नाही.

'हो. खासदार झालो म्हणूनच.' त्या चार शब्दांचं राहिलेलं वाक्य मला असं मिळालं.

तिथून मी तुझ्या कार्यालयात गेले. जागा मालकाला परत द्यायचीय, म्हणून वहिनीनं पुण्याहून सांगितलं होतं की दादांचं टेबल तेवढं घरी नेऊन ठेव. किल्ली बबनकडे, तुझ्या ऑफिसच्या शिपायाकडे. दार उघडलं तर टेबलापुढं चपला काढायची जागा केलेली! ड्रॉवरच्या हँडलवर तुझ्या काळ्या दोऱ्याच्या गाठी तशाच, एकावर एक, गच्च. आणि त्यांच्यावर लाल, पिवळे, हिरवे दोरे. बांगडीचा एक तुकडा. हळदीकुंकू.

"बबन, हे काय?"

"ताई, सायेबांनी नवस बोलला हुता ना. मतदारसंघाचा. रोज येक गाठ मारायचे. आमी डोळ्यानं बघितलंय. मंग सायेब गेल्यावर लोकबी बांधाया लागली."

"अरे, नवस कसला! सराव होता तो. हात चालू राहावा म्हणून सर्जन लोक करतात."

बबनचा चेहरा पडला. पण कोपऱ्यात एक आजी बसली होती, हातात हिरवा दोरा. तिच्या नातवाचं आतड्याचं काहीतरी होतं. तिनं शांतपणे विचारलं, "आन् सराव कशापायी करत हुते?"

"ऑपरेशन करता यावं म्हणून."

"आलं का मंग करता?"

"नाही."

"मंग ऱ्हायलंच की त्यांचं," आजी म्हणाली, आणि गुडघे धरून उठली, तिचा दोरा तुझ्या गाठींवर बांधला. तुझ्यावर मी आठशे शब्द लिहिले होते, दादा, त्यात हे नव्हतं. एवढं मात्र तिला विचारलं, "आजी, नातवाला दाखवलं कुठं?"

"कुटं दाखवू? डागदर तर गेले."

मी तिला हाताला धरून रस्त्यापलीकडं हॉस्पिटलमध्ये नेलं. प्रज्ञाच्या दारात उभी केली. आजीनं आत डोकावून पाहिलं आणि माझ्या कानात विचारलं, "ही पोरगी? हिला जमंल का?"

मी म्हणाले, "माझ्या मालकाचं हिनंच केलंय. आणि आमचे खासदार हिच्या हाताखाली उभे होते."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. प्रज्ञानं खुर्चीतून वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, ते मी नीट पाहिलं नाही, कारण माझ्याही आलं होतं. तिनं आजीला बसवलं आणि विचारलं, "काय होतंय बाळाला?"

टेबल मी घरी आणलंय. रंगीत दोरे काढले नाहीत. तुझ्या गाठीही कापल्या नाहीत. आई असती तर सुरी घेऊन आली असती, म्हणाली असती, ड्रॉवर उघडायचाय. आम्ही तो ड्रॉवर उघडत नाही, एवढंच. आणि हो, ते भाऊबिजेचं पाकीट कपाटातच होतं. काल उघडलं. पैसे होतेच. त्यांच्यामध्ये प्रज्ञाचं कार्ड, आणि मागं तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात: 'दाजींना पाठव. मी असेन.'

मी असेन! सोळा महिने हे माझ्याच कपाटात पडून होतं. मी असते तुझ्या जागी, तर फोनवर ओरडून सांगितलं असतं. तू मात्र पाकिटात घातलंस आणि बहीण ते उघडेल, एवढ्या भरवशावर राहिलास. चूक तुझी थोडी आणि माझी जास्त. बघ, वाटणी केली.

आता माझं ऐक. मी लिहायला तुला नको होतं, कारण तुझ्या नावानं रांग लागली असती. आता ती लागणार नाही. तेव्हा बरी झाले की मी लिहिणार आहे. त्या जुन्या लेखाच्याच जागी, तेवढ्याच शब्दांत, आधी माझी चूक आणि मग ते रजिस्टरचं पान. सर्जनचं नाव वर, तुझं खाली, जसं आहे तसं. आणि यावेळी शेवट घाईत करणार नाही.

पण ते नंतर. सोमवारचं वचन आज देते. मला त्या टेबलावर झोपवतील, वर तो मोठा दिवा लागेल, एस्तर सिस्टर माझा हात धरेल. भीती वाटेल, दादा, वाटणारच. पलीकडच्या बाजूला कोण उभं आहे, हे बघायला मान वळेल. ती मी वळवणार नाही. 'दादा असता तर' हे मी म्हणणार नाही. प्रज्ञाकडे बघेन आणि म्हणेन, "मॅडम, करा सुरू."

तुझी,
सुमी
(खुटबाव, नदीच्या अलीकडची, मत नसलेली)